काळा पडलेला रुपया घासू नका

चांदीचा जुना रुपया काळा पडलाय म्हणून कुणी टूथपेस्ट किंवा चिंच घेऊन बसलंय असं कानावर आलं की मला गप्प बसवत नाही. गणपती उठले, आता नवरात्र, मग दिवाळी. या दिवसांत नवी मुंबईतल्या आमच्या ऐरोलीत घरोघरी देवाची चांदी बाहेर निघते आणि तिच्यासोबत कपाटाच्या तळाशी पडलेले राणी छाप, राजा छाप रुपयेही निघतात. परवाच सोसायटीतल्या एका मैत्रिणीने विचारलं, "माहेरून आलेले रुपये पार काळे ठिक्कर झालेत गं, सराफाकडे उजळायला टाकू का?" मी तिथल्या तिथे नको म्हटलं, पण लिफ्टपाशी उभं राहून कारण काही नीट सांगता आलं नाही. ते कारण इथे लिहिते आहे.

हवेतला प्राणवायू चांदीचं काही बिघडवत नाही. लोखंडासारखा गंज तिला चढत नाही. तिचं वाकडं आहे ते गंधकाशी. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत अगदी कणभर असला तरी चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो, आणि हवेत ओल असेल तर हे काम झपाट्याने होतं. आता ठाणे खाडीकाठी राहणाऱ्यांनी आठवून पाहावं. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना, किंवा कांदळवनाच्या बाजूची खिडकी उघडल्यावर, सडक्या अंड्याचा जो वास येतो तो याच वायूचा. खारफुटीच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. त्याच चिखलावर फ्लेमिंगो उतरतात, त्याच खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि माझा या खाडीवर जीव आहे. चांदीला मात्र ती मानवत नाही. त्यात नाले आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आहेत, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात. सासरचे रुपये वाईच्या घरी कापडी पिशवीत वर्षानुवर्षं होते, तिथे ते नुसते मळकट दिसायचे. त्याच पिशवीतून ते ऐरोलीला आले आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्यांच्या कडा काळ्या झाल्या.

घरातही गंधक कमी नाही. कांदा, लसूण, हिंग, अंडी या सगळ्यांत त्याची संयुगं असतात. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात जे वासाचं द्रव्य मिसळतात तेही गंधकाचंच. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालतात, म्हणून रबरबँडने बांधलेल्या नाण्यावर बरोबर रबराच्या रुंदीचा काळा पट्टा उठतो. लोकरीत गंधक असतं, वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदातून आम्लाची वाफ येत राहते. फटाक्याच्या दारूत तर गंधक असतंच. लक्ष्मीपूजनाची नाणी ताटात रात्रभर गॅलरीच्या दाराशी ठेवून बाहेर आतषबाजी चालू असेल, तर सकाळी त्यांच्यावर पिवळसर झाक दिसली तर नवल वाटायला नको.

ती पिवळसर झाक नीट बघण्यासारखी असते. सल्फाइडचा थर नुकताच धरू लागतो तेव्हा तो नॅनोमीटरच्या हिशेबात मोजावा इतका पातळ असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग रंगीत दिसतो, तसंच हे. थर वाढत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि पुरेसा दाट झाला की राखाडी-काळा. म्हणूनच कडेला निळी, आत जांभळट, मग सोनेरी आणि मधोमध स्वच्छ चांदी अशी वलयं असलेलं नाणं बऱ्याच वर्षांत आपोआप रंगलं असण्याची शक्यता जास्त. अशा नाण्याला जाणकार संग्राहक जादा पैसे मोजतात. उलट, भडक निळा-जांभळा एकदम नाण्याच्या मध्यावर, सोनेरी पायरी कुठेच नाही, असं दिसलं तर कुणीतरी गंधकाचं द्रावण लावून रंग चढवला असावा, असा संशय जरूर घ्यावा.

माझ्याकडे बाबांचं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं आहे, १९६९ च्या जन्मशताब्दीचं. पंधरा ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी. बाबा बँकेत होते. तिथल्या खाकी पाकिटात त्यांनी ते ठेवलं आणि पाकिटावर त्यांच्या अक्षरात 'चांदी, वापरू नये' असं लिहिलं. त्या कागदाने वर्षानुवर्षं हळूहळू त्याला रंगवलंय. गांधीजींच्या चेहऱ्यामागची सपाट जागा मधाच्या रंगाची झाली आहे आणि कडेला निळाईचं बारीक वलय आहे. एका सराफाने ते पाहून "ताई, दोन मिनिटांत नवं करून देतो" म्हटलं होतं. मी ते हातातही दिलं नाही.

दोन मिनिटांत नवं होतं ते कसं, ते सांगते. सराफाच्या दुकानात बहुधा आम्लाचं द्रावण असतं. त्यात बुडवलं की सल्फाइड विरघळतं आणि त्याच्याबरोबर नाण्याची वरची कातडीही जाते. काळा थर म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. ती त्या नाण्याचीच चांदी आहे, गंधकाशी जोडली गेलेली. ती काढली की तेवढं नाणं गेलं. टांकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे किंचित सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेडाचा पट्टा त्याच्यावर गोल फिरतो, तो या रेषांमुळे. द्रावणात एकदा-दोनदा बुडवलं की रेषा झिजतात. नाणं पांढरं दिसतं, पण तो पट्टा काही फिरत नाही. मग तो कुठल्याही उपायाने परत आणता येत नाही.

टूथपेस्ट, रांगोळी, राख, भांडी घासायची पावडर यांचं तर बोलूच नये. त्यांत घासणारे कण असतात आणि ते आधी खातात ते नाण्याचा उठाव. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयाचंच घ्या. त्या नाण्यावरचं साल बरीच वर्षं बदललं नाही. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२ च छापलेलं आहे. आपल्या मुंबईच्या टांकसाळीचा रुपया नेमका कोणत्या वर्षी पाडला हे ओळखायचं ते मागच्या बाजूला नक्षीत आणि सालाजवळ दिलेल्या बारीक ठिपक्यांवरून. कुणी रुपया रांगोळीने चकचकीत केला की ते ठिपकेच बुजतात, आणि एका नाण्याचा इतिहास पुसला जातो. दुसरं उदाहरण पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचं. त्याच्या झग्यावर साखळीत एक हत्ती कोरला आहे, तो इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना डुक्कर वाटला. बोभाटा झाला, आणि १९१२ पासून हत्ती नव्याने, सोंड लांब करून कोरला गेला. हा हत्ती असतो राजाच्या छातीवर, म्हणजे नाण्याच्या वर आलेल्या भागावर, आणि आकाराने अगदी बारीक. घासताना पहिला बळी त्याचाच.

घरगुती युक्त्यांपैकी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी, मीठ आणि खायचा सोडा ही त्यातल्या त्यात बरी. फॉइलला टेकलेल्या चांदीतलं गंधक अ‍ॅल्युमिनियम घेतं आणि चांदी जागेवर परतते. तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधक सुटल्याचा. निरांजनं, अत्तरदाणी, पैंजण, वाट्या-पेल्यांना मी हीच रीत वापरते. पण जुन्या नाण्याला नाही. परतलेली चांदी भुरभुरीत, निस्तेज बसते आणि रंगांची वलयं तर जातातच.

हे सगळं सासूबाईंना पटवणं सोपं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं मला कधी चुकीचंही वाटलं नाही. "अगं, काळा रुपया लक्ष्मीपुढे कसा ठेवायचा? उजळलेलं लेणंच देवीला शोभतं," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या सासूबाईंनी दर दिवाळीला हेच रुपये रिठ्याच्या पाण्याने धुऊन, हळदीकुंकू वाहून पुजले होते. काही रुपयांच्या अक्षरांच्या खाचांत अजून कुंकवाचा लाल कण दिसतो. मी त्यांना म्हटलं, "आई, पूजेचे रुपये वेगळे काढू या का? तुमच्या मनाला येतील ते तुम्हीच निवडा." त्यांनी बराच वेळ लावून, बोटांनी चाचपून, आधीच घासून गुळगुळीत झालेले रुपये बाजूला काढले. त्या रुपयांना दर वर्षी अभिषेक होतो, पंचामृत लागतं, कोमट पाण्याने धुऊन पंचाने टिपले जातात. बाकीच्यांना आता कुणी हात लावत नाही. त्या कुंकवाच्या कणांनाही मी हात लावलेला नाही. ज्या घरात ते रुपये पुजले गेले त्या घराची ती खूण आहे, आणि ती काढायला निघालं तर खाचेसह निघेल.

काळा डाग सोडून दुसरा एक डाग असतो, त्याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. राखाडीवर जांभळट, मातकट, नखाला किंचित खरखरीत. तो मिठाचा. मी महापेला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आणि पाण्यात क्लोराइड किती आहे ते तपासायला आम्ही सिल्व्हर नायट्रेट वापरतो. क्लोराइड असलं की दह्यासारखा पांढरा साका धरतो, आणि तो खिडकीच्या उजेडात राहिला की बघता बघता जांभळा होतो. नाण्यावर होतं ते हेच. हातावरच्या घामात मीठ असतं, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यातही ते असतं. उघड्या बोटांनी नाण्याच्या मध्यावर धरलं की तेव्हा काही दिसत नाही, पण काही महिन्यांनी बोटाचा ठसा रेषांसकट उमटतो आणि मग जात नाही. म्हणून नाणं नेहमी कडेनेच धरायचं, दोन बोटांत, खाली मऊ कापड अंथरून. पाठ दाखवायला ते तळहातावर घेऊ नये.

आणि तिसरा डाग हिरवा. खरी काळजी याचीच करावी.

माझ्या दिरांनी हौसेने नाण्यांचा आल्बम आणला होता, मऊ, लवचिक, पारदर्शक कप्प्यांचा. काही वर्षांनी कप्पे उघडले तर रुपयांवर चिकट, हिरवट लेप. ती करामत पीव्हीसीची. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात, ती हळूहळू पाझरतात. शिवाय प्लास्टिक जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. आपल्या जुन्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि उरलेलं तांबं असतं. आम्ल त्या तांब्याला धरतं आणि हिरवं होतं. काळा थर नाण्यावर निवांत बसून असतो, हिरवा मात्र खात राहतो. दिसला की वाट बघू नये.

यावर एकच उपाय मला भरवशाचा वाटतो, तो म्हणजे शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. झाकण बसणाऱ्या काचेच्या बाटलीत नाणं पूर्ण बुडेल इतकं अ‍ॅसिटोन घ्यायचं, नाणं आत सोडायचं, काही तासांनी द्रव बदलायचा आणि नंतर काढून हवेवर वाळू द्यायचं. घासायचं नाही, टिपायचंही नाही, ते आपोआप उडून जातं. अ‍ॅसिटोन चांदीला किंवा तिच्यावरच्या रंगांना काही करत नाही, फक्त तेलकट लेप विरघळवतं. ते क्षणात पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवाचा दिवा यांच्यापासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून हे काम करावं आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. आम्लाने खाल्लेला खड्डा मात्र याने भरत नाही. दिरांचे दोन रुपये त्या खड्ड्यांसकट आता तसेच आहेत, पण पुढे खाणं थांबलं आहे.

प्लास्टिक पीव्हीसी आहे का ते नाकाला बहुधा कळतं. नव्या रेनकोटचा उग्र वास आला की समजावं. खात्रीच करायची तर कप्प्याचा टिचभर तुकडा कापा, तांब्याची तार ज्योतीत लाल करा, गरम असतानाच प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे. हेही उघड्या खिडकीतच करा, धूर नाकात घेऊ नका.

मग ठेवायचं कशात? मी प्रत्येक नाणं टणक, पारदर्शक गोल कॅप्सूलमध्ये ठेवते. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, तेव्हा त्याच मापाची घ्यावी. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि खुळखुळून झिजतं. खर्च कमी ठेवायचा तर पुठ्ठ्याचे चौकोन चालतात, मधे पॉलिएस्टरची पातळ खिडकी असलेले. त्यांना मारलेल्या स्टेपलच्या पिना पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. आणि आमच्या हवेत पिना गंजतातही. सराफ देतात ती मखमली डबी दिसायला सुंदर असते, पण तिच्या रंगाची आणि डिंकाची वाफ नाण्यावर बसते. नव्या प्लायवुडच्या कपाटाचंही तेच.

कॅप्सूल घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा स्वयंपाकघरापासून आणि खाडीकडच्या भिंतीपासून लांबच्या लोखंडी कपाटात. सिलिका जेल ओल शोषतं, गंधकाचा वायू नाही. त्यासाठी मी छोट्या पुडीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वायू शोषून घेणारा खास कोळसा, ठेवते. दागिन्यांच्या पॅकिंगचं सामान विकणाऱ्या झवेरी बाजारातल्या दुकानांत चांदी काळी पडू नये म्हणून खास कागद मिळतो, तोही उपयोगी. पुड्या नाण्याला टेकू देऊ नयेत. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असं समजायचं. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा निळे होतात. ज्या भांड्यात ते तापवाल त्यात परत स्वयंपाक करू नये.

जून ते सप्टेंबर मी डबा उघडतच नाही. पाहुण्यांना दाखवायचाय असा कितीही आग्रह झाला तरी नाही. उघडला की आतल्या कोरड्या हवेच्या जागी खाडीची हवा शिरते. जानेवारीत, उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की एका दुपारी सगळी नाणी काढते, भिंगातून बघते, मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहते. फोटो दर वेळी त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून. डाग वाढतोय की नाही हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडू नये.

१९४० ते १९४५ या काळातल्या षष्ठम जॉर्जच्या रुपयांना या सगळ्यात वेगळी वागणूक लागते. युद्धाच्या दिवसांत चांदी निम्मी केली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. तांबं इतकं जास्त असल्याने हे रुपये झिजले की पिवळट-तपकिरी दिसतात आणि हिरवे व्हायलाही वेळ लावत नाहीत. त्यांच्यावर लिंबू किंवा चिंच लावली की आम्ल वर आलेलं तांबं खातं आणि नाणं पांढुरकं, मेल्यासारखं होतं. मैत्रिणीने आणलेल्या रुपयांत यातले बरेच होते. आणि एक १९४७ चा होता, मागे वाघ असलेला. तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, लोहचुंबकाला चटकन चिकटतो. तो काळाही पडला नव्हता.

तिच्याकडे धनत्रयोदशीला घेतलेली नवी लक्ष्मीची नाणीही होती, ९९९ शुद्धतेची. त्यांची किंमत वजनाचीच आहे, तेव्हा ती फॉइलच्या पाण्यात घाल, नाहीतर सराफाकडून उजळून आण, काही बिघडत नाही, असं मी तिला सांगितलं. तिच्या आजोबांचे रुपये कागदात नीट वेगळे करून सध्या माझ्याकडे ठेवलेत. तिची कॅप्सूल आली की रविवारी बसून भरू.